आपल्या बागांची बीजयादी काढा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर



राज्यातल्या वनस्पती उद्यानांनी मिळून दरवर्षी एक सामाईक बीजयादी काढावी, त्या यादीतलं बी एका बागेनं मागितलं की दुसरीनं ते विनामूल्य पाठवावं आणि या देवघेवीची नोंद मंडळाकडे राहावी, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. मंडळाकडेच का, तर आपल्या बागांचे धनी निरनिराळे आहेत. गणेशखिंडीची बाग कृषी विद्यापीठाकडे, राणीची बाग मुंबई महापालिकेकडे, पुण्याचं एम्प्रेस गार्डन एका संस्थेकडे, कोल्हापूरची बाग शिवाजी विद्यापीठाकडे, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र थेट दिल्लीच्या मंत्रालयाखाली. शिवाय गावोगावच्या महाविद्यालयांच्या लहान बागा आहेतच. या सगळ्यांना एका कागदावर आणू शकेल असं राज्यात आपल्याशिवाय दुसरं कार्यालय मला दिसत नाही. पत्र खुलं ठेवलं आहे ते बागप्रमुखांनी, प्राध्यापकांनी आणि बागेत प्रत्यक्ष राबणाऱ्या माळ्यांनीही वाचावं म्हणून.

बीजयादी ही जगभरातल्या वनस्पती उद्यानांची फार जुनी रीत आहे. लंडनच्या चेल्सी भागातली औषधी बाग १६७३ साली सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांतच तिनं हॉलंडमधल्या लायडनच्या बागेशी बियांची देवघेव चालू केली. यंदा आमच्याकडे कशाकशाचं बी धरलं त्याची यादी आम्ही पाठवतो, तुम्ही तुमची पाठवा, आणि जे हवं त्यावर खूण करून कळवा, असा साधा व्यवहार. पुढं या याद्यांना ‘इंडेक्स सेमिनम’ असं लॅटिन नाव पडलं आणि शेकडो बागा त्या छापू लागल्या.

या रीतीचा पुरावा आपल्या दारात उभा आहे. सदाफुली मुळातली मादागास्करची. तिचं बी पॅरिसच्या राजबागेत आलं, तिथं रुजलं, तिथून अठराव्या शतकात चेल्सीच्या फिलिप मिलरकडे गेलं आणि त्यानं ते पुढं वाटलं. याच झाडातून १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधं निघाली. त्यातलं व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिलं जातं. पॅरिसच्या माळ्यानं पुडी बांधली तेव्हा यातलं काहीच त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

अशी यादी ज्यांनी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी ती कशी असते ते सांगतो. बहुतेक वेळा ती एक पातळ पुस्तिका असते. पहिल्या पानावर बागेचं ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, वर्षभराचा पाऊस, हिवाळ्यातलं नीचतम तापमान. पुढं कुळांप्रमाणे लावलेली लॅटिन नावं, प्रत्येकापुढं एक क्रमांक. रानातून गोळा केलेलं बी वेगळ्या भागात छापतात, आणि ते कुठल्या डोंगरावरून, किती उंचीवरून, कोणत्या तारखेला, कोणी घेतलं तेही देतात. शेवटी एक फाडून पाठवायचं पान असतं. त्यावर हव्या त्या बियांचे क्रमांक लिहायचे. साधारण वीस-पंचवीस पुड्यांची मर्यादा असते. पैसे मागत नाहीत, अपेक्षा असते ती तुमच्या यादीची. कितीही मोठी बाग असो, तिथल्या पुडीत बोटाच्या पेरावर मावेल एवढंच बी येतं आणि तेवढं पुरतं.

हे आपल्याकडे कधी नव्हतंच असंही नाही. हावड्याजवळच्या शिबपूरची बाग १७८७ मध्ये रॉबर्ट किडनं उभी केली. तिथला पुढचा अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच यानं नेपाळहून आलेलं ऱ्होडोडेंड्रॉनचं धुळीएवढं बारीक बी तपकिरी साखरेत घालून डब्यांतून विलायतेला धाडलं, आणि ते पोचून रुजलं. आपल्या पुण्याजवळ दापोडीला १८२८च्या सुमारास मुंबई सरकारनं वनस्पती उद्यान काढलं. अलेक्झांडर गिब्सन तिथं अधीक्षक असताना, १८४७ ते १८५० या काळात, बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली गेली. ती आज एडिंबराच्या राजोद्यानात जपून ठेवलेली आहेत. त्यात सह्याद्रीतली झाडं आहेत तशी दूरदेशीचं बी आणून इथं वाढवलेलीही आहेत. चित्रकाराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही, याची मला नेहमी खंत वाटते. दापोडीची बाग मागं पडली. १८७३ मध्ये गणेशखिंडीचं उद्यान आलं, आणि त्याला राज्य सरकारनं २०२० साली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. म्हणजे बागेचं महत्त्व सरकारला पटलेलं आहे. बागांनी एकमेकींशी बोलावं, ही पुढची पायरी मात्र राहून गेली.

मी सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. माझ्या माहितीतल्या एका बागेत एका प्राध्यापकांनी घाटातून आणलेले कंदीलपुष्पाचे कंद वर्षानुवर्षं जपले होते. ते निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि त्या वाफ्यावर दुचाकी लावायला फरशी बसली. कंद गेले, त्यांच्याबरोबर कोणत्या कड्यावरून कोणता कंद आणला ही नोंदवहीही गेली. मला राग फरशीचा कमी आहे. त्या कंदांचं बी दुसऱ्या एकाही बागेत नव्हतं याचा जास्त आहे. बी मागणारे नव्हते का? होते. एका संस्थेकडे मी स्वतः चिमूटभर बी मागितलं होतं. असं बी द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, एवढं उत्तर आलं. त्या माणसाची चूक नव्हती. पद्धत नाही हेच खरं होतं, आणि ती पाडायची म्हणूनच हे पत्र आहे.

घरचं विरजण बिघडलं की आपण शेजारी जातो, आणि शेजारी मिळतं ते बऱ्याचदा आपणच कधी दिलेल्या विरजणापासून चालत आलेलं असतं. बागांचा हिशेब याहून वेगळा नाही. शिबपूरच्या बागेवर १८६४ मध्ये चक्रीवादळ आलं, मोठमोठी झाडं आडवी झाली. २० मे २०२० रोजी अम्फान आलं तेव्हा पुन्हा तेच घडलं. लंडनमधल्या क्यूच्या बागेत १९८७च्या ऑक्टोबरमधल्या एका रात्रीत सुमारे ७०० झाडं गेली. आपल्याकडे पूर आहे, वणवा आहे, आणि बदलीवर जाणारा अधिकारी आहे. जे एकाच ठिकाणी आहे ते कधीही जाऊ शकतं.

या बाबतीत ईस्टर बेटाच्या तोरोमिरोची हकिकत मला सगळ्यात बोलकी वाटते. हे लहानसं झाड त्या एकाच बेटावर वाढायचं. तोड झाली, मेंढ्या चरल्या, आणि शेवटी रानो काऊ नावाच्या ज्वालामुखीच्या विवरात एक झाड उरलं. नॉर्वेचा संशोधक थोर हेयरडाल याच्या १९५५-५६च्या मोहिमेत त्याच्या बिया गोळा झाल्या आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या बागेत रुजल्या. विवरातलं झाड त्यानंतर काही वर्षांतच गेलं. आज तोरोमिरो जिवंत आहे तो बागांमध्ये. एका बागेनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला दिला म्हणून. पण हकिकत इथं संपत नाही. बेटावर रोपं परत नेऊन लावायचे प्रयत्न झाले तेव्हा बरीच रोपं तगली नाहीत. माती बदलली होती, शिवाय बागांतली बहुतेक झाडं मोजक्याच झाडांची लेकरं, त्यांच्यात वाणाची विविधता फार थोडी. बी वाटायला लागावं ते झाडं पुष्कळ असताना. शेवटचं झाड उरल्यावर वाटप करून पदरी फार थोडं पडतं.

आपल्याकडे अजून वेळ आहे. सह्याद्रीत आणि त्याच्या सड्यांवर अशा वनस्पती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती त्यात येतात. शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलनं १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. मांसल खोड, त्यावर पानं, आणि पावसाळा सरताना तांबड्या चांदणीवर पिवळे ठिपके असं फूल. युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या कुंड्यांत ती केव्हाच पोचली आहे. मग जुन्नर तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांच्या बागांत ती का नसावी? खंडाळ्याचं नाव लावणारी विग्ना आहे, मुगा-उडदाची रानातली नातेवाईक. हबर्डिया नावाचं एक नाजूक गवत तर गिरसप्प्याच्या धबधब्यापाशी एकदा सापडून नाहीसं झालं असंच सगळे धरून चालले होते. ते तिलारीच्या घाटात पुन्हा मिळालं आणि शिवाजी विद्यापीठाच्या बागेत वाढवलं गेलं. कोल्हापूरच्या मंडळींनी कंदीलपुष्पांसाठीही मोठं काम केलं आहे. त्या कामाचं बी राज्यातल्या आणखी दहा बागांत असावं, असं मला मनापासून वाटतं.

हे बी धरणं म्हणजे काय, ते कंदीलपुष्पावरूनच सांगतो. फुलं भाद्रपदात येऊन जातात. मग एकाच देठावर दोन लांब, बारीक शेंगा जोडीनं उभ्या राहतात. हिरव्या असेपर्यंत गवतात त्या ओळखूही येत नाहीत. पिकत आल्या की रंग उतरतो, कडेला एक शिवण उमटते, आणि उन्हाच्या एखाद्या दुपारी ती उलते. आत चपट्या तपकिरी बिया एकीवर एक दाटीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला पांढऱ्या रेशमी केसांचा झुबका. वारा सुटला की थोड्याच वेळात शेंग रिकामी. म्हणून शिवण उलण्याआधी शेंगेवर मलमलीची पिशवी चढवून दोऱ्यानं सैल बांधावी लागते. प्लास्टिकची चालत नाही, आत ओल धरते आणि बुरशी येते. नंतर बी सावलीत वाळवायचं, झुबका चिमटीनं काढायचा, पोचट बी फुंकरीनं उडवायचं, आणि कागदाच्या पुडीत भरून वर नाव, तारीख, ठिकाण आणि किती झाडांवरून घेतलं ते लिहायचं. शेंग कुठल्या दिवशी उलणार हे प्राध्यापकाला कळत नाही, रोज पाणी घालणाऱ्या माळ्याला कळतं. म्हणून माझी एक आग्रहाची सूचना अशी की यादीत बी गोळा करणाऱ्याचं नाव छापलं जावं, आणि तो माळी असेल तर माळ्याचं.

आता कायद्याचं. ‘जैवविविधता कायदा आहे, बी कसं देणार’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे आणि ते बोलणाऱ्यांनी कायदा वाचलेला नसतो. २००२च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला आपली जैविक संपदा हवी असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची आगाऊ मंजुरी लागते. हे बंधन योग्यच आहे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमनं ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया क्यूला नेल्या, त्यातली रोपं सिलोन-मलायाकडे गेली, आणि पुढं ब्राझीलचा रबराचा व्यापार बसला. ब्राझीलच्या हाती काही आलं नाही. असा इतिहास असल्यावर दार उघडं ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. पण पुण्याच्या बागेनं कोल्हापूरच्या बागेला अभ्यासासाठी आणि जतनासाठी बी दिलं तर त्याला या कलमाची आडकाठी नाही. जंगलातून बी घ्यायला वन विभागाची परवानगी लागते, ती घ्यावीच. बागेत वाढलेल्या झाडाचं बी बागेला द्यायला लागतो तो एक लिफाफा. मंडळानं एवढंच एका परिपत्रकात, सोप्या मराठीत, बागांना लिहून कळवलं तरी निम्मी भीती जाईल.

परदेशाशी देवघेव हा पुढचा विषय. युरोपातल्या बागांनी त्यासाठी ‘आयपेन’ नावाचं जाळं उभं केलं आहे. त्यात प्रत्येक बियाला एक क्रमांक मिळतो. आधी मूळ देशाची अक्षरं, मग अटी असल्यास एक आणि नसल्यास शून्य, मग पहिल्या बागेची खूण, मग तिथला नोंदक्रमांक. बी पुढं दहा हातांतून गेलं तरी हा क्रमांक सुटत नाही. ही कल्पना आपण जशीच्या तशी घ्यावी. देशाच्या जागी जिल्हा आणि तालुका घातला की झालं. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या जवळपास प्रत्येक बियाला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळं तिकडच्या बागांनाही आता पुडी मागवणं पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. आपण आधी घरातलं जाळं विणावं.

विणताना काही गोष्टी जपाव्या लागतील, आणि त्या मी लपवणार नाही. घाणेरी आपल्या देशात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत, शोभेचं झुडूप म्हणून. रानमोडीही त्याच बागेच्या वाटेनं आली. आज आपले डोंगर त्यांनी किती व्यापलेत ते मंडळाला मी सांगायला नको. म्हणून सामाईक यादीत फक्त इथल्या वनस्पतींचं बी असावं. दुसरं, बागेत जवळच्या नात्याच्या जाती शेजारी लावलेल्या असतात, फुलपाखरं आणि माश्या परागाची सरमिसळ करतात, आणि पुडीवर एक नाव असताना आतून भलताच संकर निघतो. त्यामुळं रानातलं बी आणि बागेतलं बी यादीत वेगळं दाखवलंच पाहिजे, आणि बागेतल्या बियांची रोपं परस्पर डोंगरावर नेऊन लावायला मनाई असावी. तिसरं, दुर्मीळ झाडाचा नेमका कडा छापू नये. यादीत तालुका पुरे. बाकी तपशील मंडळाच्या नोंदीत बंद राहावा, कारण कुंडीसाठी कंद उपटून नेणारे लोक आहेत.

आणि सगळंच बी पुडीत मावत नाही. तीळ, नाचणी, बाभूळ यांचं बी वाळवून थंडीत ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. आंबा, फणस, जांभूळ यांचं सुकलं की मेलं. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याच्या दलदलीतली रानजायफळाच्या कुळातली झाडं याच दुसऱ्या गटातली. ती जागाही वारसा स्थळ जाहीर झाली आहे. त्यांच्यासाठी बीजपेढी कामाची नाही. फळ पडलं की काही दिवसांत ओल्या भुश्शात घालून बी दुसऱ्या बागेत पोचवावं लागेल, किंवा तिथंच रोप करून रोप द्यावं लागेल. कोकणातल्या दमट बागा यासाठी निवडाव्यात. सोलापुरात ही झाडं जगायची नाहीत. अशा बियांची यादी वर्षाअखेरीस छापून उपयोग नाही. फळ पिकण्याच्या हंगामात फोनवरून निरोप गेला पाहिजे.

या कामाला इमारत लागत नाही. एक समन्वयक, कागदी पुड्या, मलमल, टपालखर्च आणि एक नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते. वर नाव घेतलेल्या बागा आणि त्यांच्या जोडीला दापोलीचं कृषी विद्यापीठ यांच्यापासून आरंभ करावा, प्रत्येकीनं पहिल्या वर्षी वीस जातींचं बी द्यावं, आणि महाविद्यालयांच्या बागांना दुसऱ्या वर्षी बोलवावं. ज्या बागेनं बी दिलं नाही तिनंही मागितलं तर पहिली दोन वर्षं द्यावं. मग मात्र काही ना काही परत आलं पाहिजे. मिळालेलं बी उगवलं की नाही हे एका ओळीत कळवणं सक्तीचं असावं. उगवलं नाही हेही कळवावं, तेवढ्यानंसुद्धा पुढच्या माणसाचं वर्ष वाचतं.

पिकांच्या बियांबाबत आपल्या राज्याला हे सगळं कळलेलं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी गावरान वाण राखले, बायाबायांत ते वाटले, आणि २०२०च्या पद्म पुरस्कारांत देशानं त्यांचा गौरव केला. भाताला आणि वालाला वाली मिळाला, तो रानातल्या वनस्पतींनाही मिळावा. त्यांचं बी राखायला शेतकऱ्याच्या घरात कणगी नाही. त्यांना आपल्या बागाच आहेत.

शक्य असेल तर मंडळानं गणपतीच्या आधी बागप्रमुखांची एक बैठक बोलवावी. कंदीलपुष्पाच्या शेंगा दसरा-दिवाळीच्या सुमारास पिकतात, त्याआधी परिपत्रक निघालं आणि मलमलीच्या पिशव्या बागांत पोचल्या तर यंदाचंच बी धरता येईल आणि पहिली यादी उन्हाळ्यापर्यंत छापून होईल. बैठकीत पुडी कशी बांधायची आणि नोंद कशी ठेवायची हे दाखवायला मी स्वखर्चानं येईन.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक